मादब्याची माणसे

अम्मान हे पायऱ्यांचे शहर आहे. आपल्या पुण्याला एक पर्वती. येथे जिकडे पाहावे तिकडे पर्वतीच, आणि प्रत्येकीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत माणसांनी घरे बांधून ठेवलेली. घरे बहुतेक एकाच फिकट पिवळसर दगडाची. उन्हे कलली की सारे शहर नुकत्याच भाजलेल्या नानकटाईसारखे दिसू लागते. आमच्या सौभाग्यवतींच्या बंधूंची येथे एका औषधांच्या कारखान्यात नेमणूक झाली आहे. त्यांनी आग्रह केला, कॉलेजला मे महिन्याची सुटी होती, आणि मराठीच्या प्राध्यापकाला परदेशी बोलावणारे दुसरे कोण भेटणार? आम्ही उभयता निघालो.

निघण्यापूर्वी आमच्या सोसायटीतील एक निवृत्त गृहस्थ मुद्दाम घरी आले. "अरबांच्या देशात चाललात, म्हणजे सगळा मुसलमानी मुलूख. जपून राहा," असे बजावून आणि चहा घेऊन गेले. अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब, हे समीकरण आपल्याकडे पाढ्यासारखे पाठ असते. जॉर्डनसारख्या चिमुकल्या देशात दोन आठवडे काढले तर ते दोन्ही बाजूंनी कसे सुटते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पहिली बाजू अम्मानच्या बाजारातच भेटली. गावाच्या मध्यभागी रोमन काळातले एक भव्य नाट्यगृह आहे. डोंगराच्या कुशीत कोरल्यासारख्या दगडी पायऱ्या. सहा हजार माणसे सहज बसतील एवढे. त्याच्याजवळच एका वृद्ध दुकानदाराकडे आम्ही वेलदोडे घातलेली कॉफी घेत बसलो होतो. गोरापान वर्ण, निळसर डोळे. मेहुण्यांनी त्यांची ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, "मी मुसलमान आहे, पाच वेळा नमाज पढतो. पण मी अरब नाही हो. आम्ही सर्केशियन!"

ही मंडळी मूळची कॉकेशस पर्वतातली. रशियाच्या झारने १८६४ साली त्यांचा मुलूख पुरता जिंकला आणि लाखोंना देशोधडीला लावले. तुर्की सुलतानाने त्यांना आपल्या साम्राज्यात ठिकठिकाणी वसवले. त्यांतली काही कुटुंबे १८७८ साली अम्मानला आली. त्या वेळी येथे शहर म्हणावे असे काही उरलेच नव्हते. रोमन अवशेष होते आणि हंगामात येणारे बदाऊनी मेंढपाळ होते. पडक्या खांबांच्या आडोशाने सर्केशियनांनी संसार मांडले. आजची लाखो वस्तीची राजधानी उभी राहिली ती त्यांनी थाटलेल्या खेड्याभोवती. अजूनही राजवाड्यात उंच केसाळ टोप्या घातलेले सर्केशियन रक्षक मानाने उभे असतात.

"आजी होती तोवर घरात आमची अदिगे भाषा चालायची," म्हातारबाबा सांगत होते. "मला ती बोलता येते. मुलांना समजते. नातवंडांना दोन्ही नाही. आता आमची ओळख उरली ती लग्नातल्या नाचात."

भाषा जाते तेव्हा घरातून काही सामान हलल्याचा आवाज होत नाही. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचे हे तीन पिढ्यांचे गणित मनाला लागले. म्हातारबाबांचा धर्म सुखरूप होता. चारी बाजूंना त्याच धर्माची माणसे होती. तरी त्यांचे काहीतरी हरवत होते, आणि ते धर्माला भरून काढता येत नव्हते.

सर्केशियनांची गोष्ट अपवादाची आहे असे मात्र कोणी समजू नये. जगात आज सुमारे दोन अब्ज मुसलमान आहेत, आणि त्यांत अरब साधारण पाचात एक. सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेले देश म्हणजे इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश. यांतला एकही अरब नाही. फार कशाला, ज्या सलाहुद्दीनाचे नाव घेताच अरबांची छाती फुगते, तो स्वतः कुर्द होता!

दुसरी बाजू पाहण्यासाठी मात्र मादब्याला जावे लागले.

मादबा हे अम्मानच्या नैर्ऋत्येला सुमारे तीस किलोमीटरवरचे टुमदार गाव. मेहुण्यांच्या कारखान्यातील एका तरुण सहकाऱ्याचे वडील तेथे राहतात. चाळीस वर्षे शाळेत अरबी व्याकरण शिकवून आता निवृत्त झालेले. "माझ्या बापाला भाषेचा मास्तर भेटला तर आठवडाभर बरा राहील," असे म्हणून त्या मुलाने शुक्रवारच्या सुटीत आम्हाला जेवायलाच बोलावले.

गुरुजी दारात उभे होते. सत्तरीचे, सडसडीत, डोक्याला तांबड्या चौकड्यांचा रुमाल आणि त्यावर काळी दोरी. चित्रातल्या अरबाला कोणी जिवंत करून उभे केले असते तर तो असाच दिसला असता. छातीवर हात ठेवून त्यांनी "अहलन व सहलन" म्हटले, मला 'उस्ताज' म्हणून संबोधले आणि आधी गावचे देऊळ दाखवायला नेले. गावचे देऊळ म्हणजे सेंट जॉर्जचे ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च!

सौ. माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, हे अरब ना? मग चर्चमध्ये मेणबत्ती कशी लावताहेत?"

गुरुजींना मराठी येत नव्हते, पण प्रश्न कळला. ते हसले आणि आम्हाला चर्चच्या जमिनीकडे बोट करून दाखवू लागले. सहाव्या शतकात कुणा कारागिरांनी लाखो रंगीत खडे बसवून त्या जमिनीवर पवित्र भूमीचा नकाशा काढला आहे. मध्ये जेरुसलेम, त्याचा स्तंभांच्या रांगांचा रस्ता, तटबंदी आणि दरवाजे. वरच्या अंगाला उत्तर नसून पूर्व. जॉर्डन नदी मृत समुद्राला मिळते तेथे एक मासा खाऱ्या पाण्याला भिऊन प्रवाहाविरुद्ध परत फिरलेला. सौ.ला तो मासा फार आवडला.

"१८८० च्या सुमारास आमचे पूर्वज दक्षिणेकडच्या करकहून येथे आले," गुरुजी सांगू लागले. "तंबूत राहणारे, शेळ्यामेंढ्या पाळणारे ख्रिस्ती बदाऊनी. गाव ओसाड होते. ते वसवताना जुन्या चर्चच्या जागी नवे बांधायला घेतले आणि १८८४ साली मातीखाली हा नकाशा सापडला. पुष्कळ भाग नष्ट झाला होता. उरला तो हा."

ख्रिस्ती बदाऊनी! ऐकायला चमत्कारिक वाटते. इतिहास मात्र सरळ आहे. 'अरब' हे नाव प्रथम सापडते ते ख्रिस्तपूर्व ८५३ सालच्या एका लढाईच्या संदर्भात. असीरियाच्या राजाने कोरवून ठेवलेल्या लेखात शत्रूच्या यादीमध्ये गिंदिबू नावाचा अरब हजार उंट घेऊन उभा आहे. पेट्राची डोंगरात कोरलेली नगरी ज्यांनी उभारली ते नबाती लोकही अरबच समजले जातात. आजची अरबी लिपी त्यांच्याच लिपीतून वाढली. दक्षिण सीरियात नमारा येथे सापडलेला इ. स. ३२८ चा शिलालेख आहे. त्यात एका राजाला साऱ्या अरबांचा राजा म्हटले आहे. पैगंबर महंमदांचा जन्म त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी झाला. सहाव्या शतकात याच भागावर घस्सानी अरबांचा अंमल होता, आणि ते ख्रिस्ती होते.

जेवायला बसलो तेव्हा ताटात बोटाएवढ्या हिरव्या गुंडाळ्या आल्या. द्राक्षाच्या पानात भात भरून वाफवलेल्या. नाव विचारले तर गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, "दवाली." आमची हसता हसता पुरेवाट झाली. दिवाळीचा अर्थ त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनाही मौज वाटली. एरवी त्यात खिमा घालतात, पण आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी 'उपासाची' दवाली केली होती. ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचे उपास कडक. मांस नाही, अंडे नाही, दूधदेखील नाही. सौ.ने उपासाचा विषय निघताच साबुदाण्याची महती सांगितली, आणि दोघी यजमानीण-पाहुणीचे जे गूळपीठ जमले ते आम्हाला दुभाषाचे काम करता करता पुरे झाले.

गुरुजींच्या तोंडी दर वाक्याला 'अल्ला'. जेवण झाले, 'अल्हम्दुलिल्ला'. मुलाला नोकरी लागेल, 'इन्शाल्ला'. मी सहज विचारले तेव्हा म्हणाले, "देवाला अरबीत दुसरं काय म्हणू? आमच्या बायबलातही अल्लाच आहे. शब्द भाषेचा असतो, उस्ताज."

मग त्यांना स्फुरण चढले. कुराणातील आयती त्यांना तोंडपाठ होत्या. व्याकरणातला विभक्तीचा बारकावा समजावताना चाळीस वर्षे त्यांनी त्याच उदाहरणांचा आधार घेतला होता. "ते माझं धर्मपुस्तक नाही. पण माझ्या भाषेचं ते सोनं आहे. घरातलं सोनं थोरल्या भावाच्या कपाटात असलं म्हणून धाकट्याचं नसतं का?" त्यांनी अरबी वचननिष्ठेचा आदर्श म्हणून समौअल या कवीची कथा सांगितली. विश्वासाने ठेवायला दिलेली चिलखते शत्रूच्या हाती द्यायची नाहीत म्हणून त्याने डोळ्यांदेखत मुलाचा बळी जाऊ दिला. अजून अरब लोक एखाद्याची निष्ठा सांगताना समौअलची उपमा देतात. आणि हा समौअल धर्माने ज्यू होता! दमास्कसच्या उमय्यद खलिफांच्या दरबारात गाजलेला अल-अख्तल हा कवी ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात अरबीला आधुनिक शब्दकोश आणि ज्ञानकोश देणारा बुत्रुस अल-बुस्तानी ख्रिस्ती. कैरोत १८९२ साली 'अल-हिलाल' मासिक काढणारा जुर्जी झैदानही ख्रिस्तीच.

मी म्हटले, "आणि अरबीचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारा?"

गुरुजींनी हात जोडल्यासारखे केले. "सिबवैह! आठव्या शतकातला. इराणी!"

म्हणजे पाहा, इस्लाम इराणात गेला. इराण मुसलमान झाला, पण अरब झाला नाही. फिर्दौसीने अकराव्या शतकाच्या आरंभी 'शाहनामा' पुरा केला तो फारसीत. तोच इस्लाम इजिप्तमध्ये गेला आणि तेथे धर्माबरोबर भाषाही पालटली. एकाच पावसाने दोन शेतांत दोन पिके आली.

तरीही धर्म आणि वंश यांचा काही संबंधच नाही असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा होईल. कुराण अरबीत आहे, नमाज अरबीत आहे, मक्का अरबस्तानात आहे. पहिल्या शंभर वर्षांत तर बिगरअरबाने इस्लाम स्वीकारला की त्याला एखाद्या अरब टोळीचा आश्रित व्हावे लागे. पैगंबरांच्या शिकवणुकीत अरब-बिगरअरब असा उच्चनीच भेद नसताना व्यवहारात तो पाळला गेला, आणि त्यावरून मोठे वाद झाले. जॉर्डनच्या १९५२ च्या घटनेतही दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत: येथील जनता अरब राष्ट्राचा भाग आहे, आणि राज्याचा धर्म इस्लाम आहे. गुरुजी पहिल्या वाक्यात बसतात. म्हातारे सर्केशियन दुसऱ्या. पार्लमेंटात दोघांच्याही समाजांसाठी राखीव जागा आहेत.

या दोन निष्ठांची उघड टक्कर पहिल्या महायुद्धात झाली. १९१४ साली तुर्की सुलतानाने खलिफा या नात्याने साऱ्या मुसलमानांना धर्मयुद्धाची हाक दिली. दोन वर्षे होतात न होतात तोच, १९१६ साली, मक्केचे शरीफ हुसेन त्याच खलिफाविरुद्ध उठले. पैगंबरांच्या वंशातले, मक्केचे रखवालदार. आणि बंड कशासाठी, तर अरबांच्या स्वातंत्र्यासाठी! त्याच वर्षी मे महिन्यात बैरुत आणि दमास्कसच्या चौकांत तुर्की सेनापती जमाल पाशाने अरब देशभक्तांना फासावर चढवले. त्यांत मुसलमान होते, तसे ख्रिस्तीही होते. दोराने धर्म विचारला नाही.

पुढे अरब कोणाला म्हणावे याचे उत्तर साती अल-हुसरी या शिक्षणतज्ज्ञाने दिले: अरबी बोलतो तो अरब. गंमत अशी की, हे सांगणारे हुसरी स्वतः तुर्कीत वाढले होते! दमास्कसचा ख्रिस्ती मिशेल अफलक याने १९४३ साली पैगंबरांवर व्याख्यान देऊन त्यांचे जीवन साऱ्या अरबांचा वारसा असल्याचे मांडले. मात्र भाषेचे हे उत्तर सगळ्यांना पटलेले नाही. इजिप्तचे पुष्कळ कॉप्ट ख्रिस्ती घरात अरबीच बोलतात, पण 'आम्ही अरब नव्हे, फेरोंच्या काळापासूनचे इजिप्शियन' असे सांगतात. लेबनॉनचे कित्येक मॅरोनाइट आपले नाते प्राचीन फिनिशियनांशी जोडतात. माणूस कोण, हे ठरवण्यात त्याच्या स्वतःच्या मताला काही किंमत असावी की नाही?

"तुमच्याकडे कसं आहे?" गुरुजींनी विचारले.

मी त्यांना इंग्लंडहून आलेल्या आणि १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणाऱ्या फादर स्टीफन्सची हकीकत सांगितली. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि रेव्हरंड टिळक यांच्याविषयी सांगितले. मग कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट निघाली. शनिवार पाळणारे, तेल गाळणारे, मराठी बोलणारे ज्यू. त्यांतले हजारो लोक जॉर्डन नदीच्या पलीकडे इस्राएलात जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. गुरुजी खिडकीतून पश्चिमेकडे पाहू लागले. "म्हणजे त्या डोंगरापलीकडे तुमची भाषा आहे?" एवढेच म्हणाले.

मी मराठीतले अरबी शब्द मोजून दाखवले. हिशेब, वकील, कायदा, मालक, साहेब, गरीब. 'गरीब' म्हणताच ते थबकले. "आमच्याकडे गरीब म्हणजे परका. घरापासून दूर गेलेला. तुमच्याकडे?"

"पैसा नसलेला."

"दोन्ही एकच," ते म्हणाले, आणि धाकट्या मुलाकडे पाहिले.

तो मुलगा कॅनडाला निघाला होता. थोरला पूर्वीच गेला आहे. कागदपत्रे झाली होती. तारीख तेवढी ठरायची होती. त्याने मोकळेपणाने सांगितले, "इथे मला कोणी त्रास देत नाही. शेजारी मुसलमान आहेत, त्यांच्या लग्नात आम्ही पहिल्या रांगेत असतो. माझा मुसलमान मित्रही माझ्याबरोबरच चाललाय. पगाराचा प्रश्न आहे." पण गुरुजींचा हिशेब निराळा होता. जाणाऱ्या दहा मुसलमानांनी मुसलमान वस्ती कमी झालेली दिसत नाही. दहा ख्रिस्ती गेले की चर्चमधला एक बाक रिकामा होतो.

"थोरल्याला तिकडे विचारतात, 'तू ख्रिस्ती कधी झालास?' तो सांगतो, 'तुमच्या आधी!'" गुरुजी हसले, आणि मग गंभीर झाले. २०१४ साली मोसुलमध्ये अतिरेक्यांनी ख्रिस्त्यांच्या घरांवर 'नून' हे अक्षर रंगवले. नून म्हणजे आपला न. अर्ध्या वाटीवर एक टिंब. नसरानी, म्हणजे ख्रिस्ती, याचे आद्याक्षर. घर सोडा, धर्म सोडा नाहीतर मरा, असा त्याचा अर्थ. त्यांतली बरीच कुटुंबे जॉर्डनला आली आणि चर्चच्या सभागृहांत सतरंज्यांवर राहिली. "चाळीस वर्षं ते अक्षर मी फळ्यावर काढलं," गुरुजी म्हणाले. "तिकडे लोकांना वाटतं, अरब म्हणजे मुसलमानच. इकडे त्या माथेफिरूंनाही नेमकं तेच वाटत होतं. आमच्यासारख्यांनी उभं कुठे राहायचं?"

मला उत्तर सुचले नाही. सोसायटीतले गृहस्थ मला आठवले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. चहाबरोबर सहज बोललेले ते एक वाक्य होते. पण तेच वाक्य कुठे खडूने, कुठे रंगाने कोणाच्या दारावर लिहिले जाते, आणि आतल्या माणसांना बोचके बांधावे लागते.

साडेतीन वाजले आणि गुरुजींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी चष्मा पुसला, एक छोटी पाटी आणि खडू घेतला आणि मोबाइल टेबलावर उभा केला. कॅनडात सकाळ होती. सहा वर्षांची नात शाळेचे दप्तर पाठीला लावून पडद्यावर आली. दर शुक्रवारी शाळेत जाण्यापूर्वी दहा मिनिटे आजोबांकडे अरबी अक्षरे गिरवायची, असा शिरस्ता होता. मागच्या आठवड्यात 'मीम' झाले होते.

गुरुजींनी पाटीवर अर्धी वाटी काढली आणि वर टिंब दिले.

"नून," ते म्हणाले. "नून म्हणजे नख्ला. नख्ला म्हणजे?"

"खजुराचं झाड, जिद्दो!" नात ओरडली. तिने आपल्या वहीत ते अक्षर काढून आमच्यासमोर धरले. टिंब जरा बाजूला गेले होते. आजोबांनी ते नीट जागी घ्यायला लावले, दोनदा गिरवून घेतले, आणि मगच तिला शाळेत जाऊ दिले.